हृदयस्नायूची पुनर्निर्मिती : आशा आणि पुरावा

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञान-तंत्रज्ञानाच्या तुमच्या टिपणांत ‘मूलपेशी’ या शीर्षकाखाली एक वाक्य हमखास आढळते : ‘मूलपेशींच्या साहाय्याने हृदयविकाराच्या झटक्यात निकामी झालेला हृदयस्नायू पुन्हा निर्माण करता येतो.’ हे वाक्य मी अनेक वर्षे उत्तरपत्रिकांतून वाचत आलो आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर एके काळी मी ते वर्गात शिकवलेही आहे. त्या वाक्यात खरे किती आणि अपुरे किती, हे आज आपण तपासून पाहू.

प्रथम इजा कशी होते ते लक्षात घेऊ. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या आतील बाजूस वर्षानुवर्षे मेदाचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा रक्तप्रवाह बंद पडतो. त्या रोहिणीवर विसंबून असलेल्या स्नायूपेशी सुमारे अर्ध्या तासानंतर मरू लागतात आणि काही तासांत त्या भागातील बहुतेक पेशी नष्ट होतात. डाव्या जवनिकेत, म्हणजे सर्व शरीराकडे रक्त ढकलणाऱ्या कप्प्यात, सुमारे ३०० कोटी स्नायूपेशी असतात. मोठ्या झटक्यात त्यांतील १०० कोटींपर्यंत पेशी दगावू शकतात. मृत पेशींच्या जागी काही आठवड्यांत तंतुमय ऊतीचा व्रण तयार होतो. हा व्रण निरुपयोगी नाही. तो नसता तर हृदयाची भिंतच फुटली असती. परंतु तो आकुंचन पावत नाही आणि विद्युत्संदेशही नीट पुढे नेत नाही. उरलेल्या स्नायूवर भार वाढतो, कप्पा हळूहळू फुगत जातो आणि आज वाचलेला रुग्ण काही वर्षांनी हृदय निकामी होण्याच्या अवस्थेला पोहोचतो.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न किती मोठा आहे? राज्यनिहाय रोगभाराच्या अभ्यासानुसार १९९० मध्ये देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे १५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होत होते. २०१६ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले. जे मरण पावले त्यांची गणना या आकड्यांत आहे. जे व्रण घेऊन जगत आहेत त्यांची नाही.

त्वचा कापली तर भरून येते, यकृताचा मोठा भाग काढला तरी ते वाढते, मग हृदयच का भरून येत नाही? विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात पाठ्यपुस्तकांत याचे एकच उत्तर होते : माणूस जितक्या हृदयस्नायूपेशी घेऊन जन्मतो, तितक्याच घेऊन तो मरतो. हे उत्तर चुकीचे आहे हे ज्या रीतीने सिद्ध झाले, ती रीत मला विज्ञानातील अत्यंत सुंदर युक्तींपैकी एक वाटते. म्हणून तिच्यावर थोडा वेळ घेतो.

१९५० च्या दशकात महासत्तांनी वातावरणात अण्वस्त्रांच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतील कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढले. १९६३ मध्ये अंशतः अणुचाचणीबंदीचा करार झाला. भारतानेही त्यावर स्वाक्षरी केली. वातावरणातील चाचण्या बहुतांशी थांबल्या आणि ते प्रमाण पुढे वर्षागणिक उतरत गेले. हवेतील कार्बन वनस्पतीत जातो आणि वनस्पतींतून आपल्या अन्नात येतो. पेशी जन्माला येते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीचा कार्बन गुंफला जातो आणि त्यानंतर तो सहसा बदलत नाही. म्हणजे प्रत्येक पेशीवर तिच्या जन्मवर्षाची मोहोर असते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रीसेन, ओलाफ बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या हृदयातून केवळ स्नायूपेशींची केंद्रके वेगळी केली आणि त्यांतील कार्बन-१४ मोजला. चाचण्या सुरू होण्यापूर्वी जन्मलेल्या माणसांच्या हृदयपेशींतही त्यांच्या जन्मवर्षाच्या हवेत होता त्याहून अधिक कार्बन-१४ आढळला. जन्मानंतर नव्या पेशी तयार झाल्या असल्या तरच हे शक्य होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा : विशीच्या मध्यावर दरवर्षी सुमारे १ टक्का हृदयस्नायूपेशी नव्या येतात आणि पंचाहत्तरीपर्यंत हा दर ०.४५ टक्क्यांपर्यंत घसरतो. संपूर्ण आयुष्यात निम्म्याहून कमी पेशी बदलल्या जातात.

आता एक साधे गणित करू. झटक्यानंतर २०० कोटी पेशी उरल्या आणि रुग्णाच्या वयानुसार नव्या पेशींचा दर अर्धा टक्का धरला, तर वर्षाला १ कोटी नव्या पेशी होतात. गेलेल्या १०० कोटी भरून काढायला शंभर वर्षे लागतील, तीही याच काळात जुन्या पेशी मरणार नाहीत असे गृहीत धरले तर! तेव्हा मानवी हृदय स्वतःला नवे करते हे खरे आहे, परंतु ज्या गतीने करते ती रुग्णाच्या कामाची नाही. परीक्षेत या विषयावर प्रश्न आला तर ही दोन्ही वाक्ये एकत्र लिहिणे आवश्यक आहे. एकच लिहिले तर उत्तर अर्धवट राहते.

ही गती निसर्गात इतरत्र वेगळी आहे. झेब्राफिश हा बोटाच्या पेराएवढा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच प्रदेशातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. पुढे तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. २००२ मध्ये केनेथ पॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापून काढला. साधारण दोन महिन्यांत तेथे व्रण न राहता धडधडणारा स्नायू तयार झाला. नव्या पेशी आल्या कोठून? २०१० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी पेशींना कायमची खूण करून त्यांची वंशावळ तपासली. नवा स्नायू कोणत्याही गूढ मूलपेशींतून आला नव्हता. जखमेच्या आसपासच्या जुन्या स्नायूपेशींनी आपली आकुंचनाची यंत्रणा काही प्रमाणात मोडून ठेवली होती आणि त्या पुन्हा विभाजित झाल्या होत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशाच्या हृदयावर काम झाले आहे. इजेनंतर स्रवणारे एक प्रथिन या दुरुस्तीला कसे चालना देते, हे तेथील गटाने २०२१ मध्ये मांडले.

हृदयाच्या उपचारासाठी अन्य प्राण्यांकडे पाहण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही, हे जाता जाता सांगायला हवे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. पी. के. सेन यांचे नाव तुम्हाला फेब्रुवारी १९६८ मधील हृदयप्रत्यारोपणाच्या प्रयत्नामुळे माहीत असेल. तो रुग्ण काही तासच जगला. पण त्याआधी, १९६५ मध्ये, सेन यांनी वेगळाच विचार मांडला होता. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या स्नायूला कप्प्यातील रक्त थेट मिळते, तर माणसाच्या हृदयाच्या भिंतीत सुईने बारीक मार्ग पाडून तसे करता येईल का? ती पद्धत रूढ झाली नाही. पण प्रश्न विचारण्याची ती तऱ्हा आजच्या संशोधकांचीही आहे.

सस्तन प्राण्यांतही ही क्षमता पूर्णपणे अनुपस्थित नाही. २०११ मध्ये हेशम सादेक, एरिक ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचे हृदय कापले तर ते भरून येते, परंतु सात दिवसांच्या पिल्लात व्रणच होतो. आठवडाभरात दार बंद होते. २०१६ मध्ये ऑस्ट्रियातील डॉक्टरांनी जन्मतःच मोठा झटका आलेल्या एका अर्भकाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या हृदयाचे कार्य काही आठवड्यांत पूर्ववत झाले. एका रुग्णावरून सिद्धान्त बांधता येत नाही, तरीही माणसातही हे दार जन्मानंतर थोडा काळ उघडे असावे असा अंदाज त्यातून बळावतो.

दार बंद का होते? गर्भात ऑक्सिजन कमी असतो. पहिल्या श्वासाबरोबर तो अचानक वाढतो, पेशी ऊर्जेसाठी मेदाम्लांकडे वळतात, ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांमुळे डीएनएला इजा होते आणि पेशीचक्र थांबते, असे सादेक यांच्या गटाचे प्रतिपादन आहे. २०१७ मध्ये त्यांनी प्रौढ उंदरांना हळूहळू केवळ ७ टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेत नेले, तेव्हा हृदयस्नायूपेशी काही अंशी पुन्हा विभाजित होऊ लागल्या. ७ टक्के म्हणजे एव्हरेस्टच्या शिखरावरील हवेच्या तोडीची विरळता. हा उपचार नव्हे, कारणाचा शोध आहे. कृपा करून याची गल्लत करू नका. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन हृदय नवे होते, असे सांगणारे लोक मला भेटले आहेत!

आता त्या वाक्याकडे येऊ, जे मी वर्गात शिकवले होते. २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अस्थिमज्जेतील पेशी उंदराच्या जखमी हृदयात टोचल्या असता मोठ्या प्रमाणावर नवा स्नायू तयार होतो, असा त्याचा दावा होता. पिएरो अॅन्व्हर्सा हे त्या चमूतील प्रमुख शास्त्रज्ञ. २००३ मध्ये त्यांच्याच गटाने प्रौढ हृदयात स्वतःच्या मूलपेशी असल्याचे जाहीर केले. जगभर उत्साहाची लाट आली. रुग्णाच्याच हाडातून मज्जा काढून हृदयात सोडायची, ही कल्पना सोपी होती आणि त्यामुळे रुग्णांवरील चाचण्या फार लवकर सुरू झाल्या. मात्र २००४ मध्येच, त्याच ‘नेचर’मध्ये, दोन गटांनी लिहिले, की आम्ही तोच प्रयोग पेशींवर काटेकोर खूण करून केला आणि अस्थिमज्जेच्या पेशी हृदयस्नायू बनत नाहीत. २०१४ मध्ये जेफ्री मोल्केंटिन यांच्या गटाने हृदयातील कथित मूलपेशींची वंशावळ तपासली. त्यांतून स्नायूपेशी होण्याचे प्रमाण नगण्य निघाले. त्याच वर्षी अॅन्व्हर्सा यांच्या गटाचा एक निबंध मागे घेण्यात आला. २०१७ मध्ये त्यांच्या रुग्णालयाने अमेरिकी सरकारशी १ कोटी डॉलरची तडजोड केली. २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि त्या रुग्णालयाने या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत अशी शिफारस केली.

म्हणजे शंका २००४ मध्ये छापून आली होती आणि निर्णय २०१८ मध्ये झाला. मधल्या चौदा वर्षांत किती निधी, किती तरुण संशोधकांची उमेद आणि किती रुग्णांची आशा खर्ची पडली, याचा हिशेब मांडणे कठीण आहे. विज्ञान स्वतःची चूक सुधारते असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खरे आहे, पण त्याला लागणारा वेळ कोणाच्या तरी आयुष्यातून जातो, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

काही चाचण्यांत रुग्णांना थोडे बरे वाटले होते, त्याचे काय? येथे सूक्ष्म भेद आहे. हृदयाचे कार्य सुधारणे आणि नवा स्नायू तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ च्या अखेरीस मोल्केंटिन यांच्या गटानेच उंदरांवरील एक चकित करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. जिवंत पेशींऐवजी मृत पेशी टोचल्या तरी हृदयाचे कार्य जवळपास तितकेच सुधारले. टोचण्यामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि व्रणाची घडण बदलते, एवढाच तो परिणाम होता. म्हणून यापुढे अशी बातमी वाचाल तेव्हा पेशींचे नाव पाठ करण्याआधी नवी स्नायूपेशी कोणत्या पेशीपासून झाली आणि ती कोणी, कशी मोजली, हे शोधा.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने वडिलांच्या हृदयासाठी एका खासगी दवाखान्यात ‘मूलपेशी उपचार’ घेतला. त्यासाठी शेताचा तुकडा विकला. पावतीवर उपचार म्हणून लिहिले होते, चाचणी म्हणून नव्हे. वडील वर्षभराने गेले. उपचारामुळे गेले असे मी म्हणणार नाही, त्यांचे हृदय आधीच फार दुबळे होते. पण त्या मुलाने मला विचारले, ‘सर, हे चालते असे तुमच्याच पुस्तकात होते ना?’ त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

या संदर्भात शासनाची भूमिका तुम्हाला ठाऊक असायला हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या शीर्षकात मूलपेशी ‘संशोधन आणि उपचार’ असे शब्द होते. २०१३ च्या सुधारित आवृत्तीच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्द जाणीवपूर्वक वगळण्यात आला. २०१७ च्या आवृत्तीतही तीच भूमिका आहे : रक्ताच्या काही विकारांतील मान्यताप्राप्त प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा अन्य वापर हा प्रयोग आहे आणि तो रीतसर मंजुरी मिळालेल्या वैद्यकीय चाचणीतच व्हायला हवा. एक शब्द गाळण्यात धोरणाची केवढी मोठी दिशा असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. अर्थात शब्द गाळला म्हणून जाहिराती थांबल्या नाहीत. अंमलबजावणी हा आपल्याकडचा जुनाच प्रश्न आहे.

मग आज खरी वाटचाल कोठे आहे? मुख्यतः दोन दिशांनी. पहिली, पेशी बाहेर तयार करून हृदयाला देणे. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या सामान्य पेशींना मूलपेशींसारख्या अवस्थेत परत नेले. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. अशा पेशींपासून अस्सल धडधडणाऱ्या हृदयस्नायूपेशी बनतात, याविषयी वाद नाही. २०२० मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात योशिकी सावा यांच्या चमूने अशा पेशींचे पातळ पापुद्रे एका रुग्णाच्या हृदयावर बसवले. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील गटाने जाड स्नायूचे ठिगळ तयार केले. ते आधी माकडांवर आणि मग २०२१ मध्ये एका ४६ वर्षांच्या महिलेवर वापरले. तीन महिन्यांनी तिला दात्याचे हृदय मिळाले, तेव्हा काढलेल्या जुन्या हृदयावर ते ठिगळ जिवंत आणि रक्तवाहिन्यांसह आढळले. हा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. नवा स्नायू टिकल्याचा असा प्रत्यक्ष पुरावा माणसात क्वचितच मिळतो.

दुसरी दिशा हृदयातील जुन्या पेशींनाच पुन्हा विभाजित करण्याची. सॅन फ्रान्सिस्कोतील ग्लॅडस्टोन संस्थेतील दीपक श्रीवास्तव यांच्या गटाने २०१८ मध्ये पेशीचक्राची चार जनुके एकत्र वापरून उंदरांत हे साधले. इटलीतील त्रिएस्ते येथील मौरो जाक्का यांच्या गटाने एक सूक्ष्म आरएनए विषाणूच्या वाहनातून वराहांच्या हृदयात सोडला. त्रिएस्तेच्या त्या आंतरराष्ट्रीय केंद्राची एक शाखा नवी दिल्लीतही आहे. महिन्याभरात व्रण लहान झाला, स्नायू वाढला. पण पुढील आठवड्यांत त्यांतील बहुतेक वराह अचानक मरण पावले, कारण विभाजन थांबवण्याची सोय त्या रचनेत नव्हती आणि हृदयाची लय बिघडली. २०१९ चा हा निबंध मला फार महत्त्वाचा वाटतो. यश आणि अपयश दोन्ही त्यांनी एकाच मथळ्याखाली मांडले.

लय हीच दोन्ही दिशांची समान अडचण आहे. हृदय हे केवळ मांस नव्हे, दिवसाला सुमारे एक लाख वेळा एकाच तालात आकुंचन पावणारी ती यंत्रणा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील चार्ल्स मरी यांच्या गटाने २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात १०० कोटी मानवी पेशी टोचल्या. स्नायू रुजला, पण नव्या पेशी आपल्याच तालावर धडकू लागल्या. २०२३ मध्ये त्याच गटाने पेशींच्या विद्युतप्रवाहाशी संबंधित काही जनुकांत बदल करून हा बेसूरपणा कमी करता येतो असे दाखवले.

तोवर काय? तोवर जो स्नायू अजून मेलेला नाही तो वाचवणे. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून बारा तासांच्या आत देतात, पण त्याचा खरा लाभ पहिल्या काही तासांत आहे. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडण्याचा प्रयोग झाला. २०१९ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने एम्सच्या परिसरात ‘मिशन दिल्ली’ हा उपक्रम सुरू केला, त्यात परिचारक मोटारसायकलवरून रुग्णाच्या घरी जाऊन ईसीजी काढत. यात चमत्कार काहीच नाही. पण अर्ध्या तासाने वाचणाऱ्या पेशींची संख्या, वर केलेल्या गणिताप्रमाणे, हृदयाच्या कित्येक वर्षांच्या स्वतःच्या निर्मितीपेक्षा अधिक भरेल.

शेवटी एक अगदी अलीकडची गोष्ट. हृदय निकामी झालेल्या काही रुग्णांना रक्त ढकलणारे यांत्रिक पंप बसवतात. बर्गमन आणि सादेक यांनी तीच कार्बन-१४ची पद्धत या रुग्णांच्या हृदयांना लावली. निकामी हृदयात नव्या पेशींचा दर निरोगी हृदयापेक्षाही खूप खाली गेलेला होता. परंतु पंप बसवल्यावर ज्यांचे हृदय सावरले, त्यांच्यात तो निरोगी हृदयाच्या सहापटीहून अधिक आढळला. पंप बसवलेल्या सर्वांत नव्हे, सावरलेल्यांत. भार उतरल्यावर काहींच्या पेशी जाग्या होतात आणि काहींच्या का होत नाहीत, हे अजून कोणाला सांगता आलेले नाही. अणुचाचण्यांच्या काळातला कार्बन हवेत आता जवळजवळ मूळ पातळीवर उतरला आहे. त्यामुळे आजच्या मुलांच्या पेशींवर ती मोहोर पूर्वीइतकी स्पष्ट उमटणार नाही आणि पुढच्या पिढीला मोजमापाची नवी युक्ती शोधावी लागेल.

आता तुमचे प्रश्न घेतो. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.